ओलीस कोणाला म्हणावे?

गाझातील युद्धविरामांचा आणि त्यांच्या पोटात झालेल्या ओलीस-कैदी अदलाबदलीचा विषय निघाला, की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या तोंडी एक हिशेब ठरलेला असतो. एकीकडे निरपराध ओलीस, दुसरीकडे दहशतवादी कैदी. आणि एका निरपराधाच्या मोबदल्यात तीस-तीस, पन्नास-पन्नास दहशतवादी मोकळे सोडायचे, हा केवढा अन्याय! हा हिशेब मांडणारे सगळेच दुष्टबुद्धीचे असतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात ओलिसांविषयी खरीखुरी करुणा असते. तथापि ज्या दोन शब्दांवर हा सारा हिशेब उभा आहे, त्या ‘ओलीस’ आणि ‘कैदी’ ह्या शब्दांची उलटतपासणी कोणी घेत नाही. आपले कार्यकर्तेही ती घेत नाहीत. परिणामी सभेत कोणी हा प्रश्न टाकला, की ते एक तर निरुत्तर होतात, नाही तर दुसऱ्या टोकाला जाऊन ओलीस धरण्याच्या कृत्याचेच समर्थन करू लागतात. हे दोन्ही टाळायचे असेल तर प्रश्न मुळापासून पाहिला पाहिजे.

प्रथम घडले काय ते पाहू. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि तिच्यासोबतच्या सशस्त्र गटांनी दक्षिण इस्रायलवर हल्ला केला. त्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना पकडून गाझात नेण्यात आले. पुढे तीन मोठ्या अदलाबदली झाल्या. २४ नोव्हेंबर २०२३ पासूनच्या आठवडाभराच्या विरामात १०५ ओलीस सुटले, तर इस्रायलने २४० पॅलेस्टिनी स्त्रिया व अल्पवयीन मुले सोडली. १९ जानेवारी २०२५ रोजी दुसरा युद्धविराम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात ३३ इस्रायली ओलीस परत यायचे होते, त्यांतले ८ मृतदेह होते. मोबदल्यात सतराशेहून अधिक पॅलेस्टिनींची सुटका झाली. ह्या करारात दरच बांधून दिलेले होते : नागरिक स्त्रीमागे ३० कैदी, सैन्यातील स्त्रीमागे ५०. १८ मार्च २०२५ रोजी इस्रायलने पुन्हा बाँबफेक सुरू केली आणि त्या एका दिवसात चारशेहून अधिक माणसे ठार झाली. अखेर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी हयात असलेले शेवटचे २० ओलीस घरी परतले. त्यांच्या बदल्यात जन्मठेपेचे वा दीर्घ मुदतीचे २५० कैदी आणि युद्धकाळात गाझातून उचलून नेलेले सुमारे १,७०० लोक सोडण्यात आले. मृतांचाही दर ठरला होता. एका इस्रायली मृतदेहामागे पंधरा पॅलेस्टिनी मृतदेह!

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला ह्या दरांविषयी दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, हे कोडे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातच घालतो. उत्तर सर्वांना ठाऊक आहे. बाजारातला दर वस्तूची थोरवी सांगत नाही. ती दुर्मिळ आहे की मुबलक, एवढेच सांगतो. हमासच्या हाती २५१ माणसे होती. इस्रायलच्या तुरुंगांत युद्धापूर्वीच पाच हजारांच्या आसपास पॅलेस्टिनी होते आणि ऑक्टोबर २०२५ च्या अदलाबदलीच्या तोंडावर ती संख्या अकरा हजारांच्या घरात गेली होती. ज्याच्या कोठारात अकरा हजार माणसे आहेत, त्याला एकामागे तीस देणे जड जात नाही. शिवाय हे कोठार रिकामे होत असतानाच भरले जात असते. नोव्हेंबर २०२३ मधल्या त्या विरामाच्या पहिल्या चार दिवसांत १५० पॅलेस्टिनी सुटले, आणि पॅलेस्टिनी कैद्यांच्या संघटनांच्या मोजणीनुसार त्याच चार दिवसांत वेस्ट बँक व पूर्व जेरुसलेम येथे १३३ जणांना नव्याने अटक झाली. एका दाराने बाहेर, दुसऱ्या दाराने आत. तेव्हा ‘एकास तीस’ ह्या प्रमाणावरून इस्रायलला आपल्या माणसाची किंमत किती आणि अरबांना त्यांच्या माणसाची किती, असले निष्कर्ष काढणाऱ्या विद्वानांनी जरा थांबावे. त्या प्रमाणावरून कळतो तो तुरुंगाचा आकार.

आता आपल्याच घरातील मंडळींशी थोडे भांडतो. पुरोगामी वर्तुळात गेल्या काही वर्षांत एक युक्तिवाद ऐकू येतो तो असा : पॅलेस्टिनी कैद्यांच्या सुटकेचा दुसरा मार्गच उरलेला नव्हता, म्हणून ओलीस धरणे हे दुबळ्याचे शस्त्र समजावे. हा युक्तिवाद मला संपूर्णपणे अमान्य आहे. युद्धात नागरिकांना ओलीस धरण्याची मनाई १९४९ च्या चौथ्या जीनिव्हा कराराच्या ३४ व्या कलमाने केलेली आहे, आणि त्या मनाईला दुबळ्या बाजूसाठी कोणताही अपवाद ठेवलेला नाही. पाळण्यातली मुले, ऐंशी वर्षांच्या आजीबाई, शांततेसाठी झटलेले किबुट्झवासी यांना तळघरांत आणि भुयारांत डांबून ठेवणे, त्यांची उपासमार करणे, फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन चिमुकल्यांच्या शवपेट्या व्यासपीठावर मांडून त्यांचे प्रदर्शन करणे, ह्याला मुक्तिसंग्राम म्हणणाऱ्याने मुक्ती ह्या शब्दाशी आपले नाते तोडलेले असते. ह्यानंतर ‘परंतु’ येत नाही. पुढे मी जे लिहिणार आहे ते वेगळे विधान आहे. ते ह्या विधानाला कमी करणारे नाही.

ते वेगळे विधान कैद्यांविषयी आहे. कोण आहेत हे कैदी? सुटलेल्यांपैकी काहींनी माणसे मारलेली आहेत. दुसऱ्या इंतिफादाच्या काळात बसमध्ये, उपाहारगृहांत बाँबस्फोट घडवून निरपराधांचे प्राण घेतल्याबद्दल शिक्षा झालेले लोक ऑक्टोबर २०२५ च्या २५० जणांत होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्यांच्यातील दीडशेहून अधिक जणांना घरी न पाठवता थेट इजिप्तमध्ये हद्दपार करण्यात आले. परंतु त्याच दिवशी सुटलेले १,७०० जण पाहा. त्यांच्यावर आरोपपत्रच नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये इस्रायलने स्वतः जी ३०० नावांची यादी प्रसिद्ध केली, तीतील बहुसंख्य स्त्रिया व मुले यांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नव्हते. आणि दोषी ठरवणारे न्यायालय तरी कोणते? वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनी माणसावर लष्करी न्यायालयात खटला चालतो. त्याच टेकडीवर वसाहत करून राहणाऱ्या इस्रायली माणसावर मात्र नागरी न्यायालयात. लष्करी न्यायालयांच्या स्वतःच्याच २०१० सालच्या आकडेवारीनुसार तेथे खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा निकाल कधी असा लागला असता तर विद्यापीठाने चौकशी समिती नेमली असती!

ह्याहून गंभीर प्रकरण आहे ते प्रशासकीय स्थानबद्धतेचे. लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने माणसाला सहा महिने डांबता येते. मुदत संपली की आणखी सहा महिने, आणि पुन्हा सहा महिने. ह्या साखळीला अखेरचा दुवा नाही. पुरावा गुप्त असतो, तो कैद्याला दाखवत नाहीत आणि त्याच्या वकिलालाही नाही. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी अशा स्थानबद्धांची संख्या तेराशेच्या आसपास होती. पुढे ती तीन हजारांच्या वर गेली. ह्या पद्धतीचे मूळ ब्रिटिशांनी १९४५ साली पॅलेस्टाईनमध्ये लागू केलेल्या आणीबाणीच्या संरक्षण नियमांत आहे. गंमत अशी, की १९४६ साली तेल अवीवमध्ये भरलेल्या ज्यू वकिलांच्या परिषदेत ह्याच नियमांचा कडाडून निषेध झाला होता, आणि तो करणाऱ्यांपैकी एक, याकोव शिमशोन शपिरा, पुढे स्वतंत्र इस्रायलचे न्यायमंत्री झाले. नियम मात्र राहिले. सत्ता हाती आली की कालच्या बेड्या आजच्या सोयी ठरतात, हा अनुभव आपणा भारतीयांना नवा नाही. त्याकडे पुढे वळू.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ओलीस कोणाला म्हणावे? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ साली ओलीस धरण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला. त्यातील व्याख्येचा आशय साधा आहे : एखाद्याला पकडून, तिसऱ्याच कोणाला काही करायला वा न करायला भाग पाडण्यासाठी, त्याला ठार मारण्याची, इजा करण्याची किंवा अडकवून ठेवण्याची धमकी देणे म्हणजे ओलीस धरणे. पकडणाऱ्याच्या अंगावर गणवेश आहे की नाही, हा ह्या व्याख्येचा गाभा नाही. गाभा असा, की पकडलेल्या माणसाची सुटका त्याच्या स्वतःच्या कृत्यावर अवलंबून नसते; ती दुसऱ्या कोणाच्या वागण्यावर टांगलेली असते. मराठीत आपण ह्यालाच वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतो.

ही कसोटी इस्रायली तुरुंगाला लावण्याचे धाडस प्रथम कोणी केले? हमासने नव्हे आणि आपण भारतीय समाजवाद्यांनीही नव्हे. ते इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने केले. शिया धर्मगुरू शेख ओबैद यांना १९८९ साली आणि मुस्तफा दिरानी यांना १९९४ साली इस्रायली सैनिकांनी लेबनॉनमधून पळवून आणले होते. बेपत्ता वैमानिक रॉन अराद यांच्याविषयीच्या वाटाघाटींत हे दोघे व इतर काही लेबनीज उपयोगी पडतील, एवढ्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे स्थानबद्ध ठेवले होते. १९९७ साली न्यायालयाने हे चालवून घेतले. पण एप्रिल २००० मध्ये सरन्यायाधीश आहारोन बराक यांनी आपलाच आधीचा निर्णय फिरवला. ज्या माणसापासून स्वतःपासून देशाला धोका नाही, त्याला केवळ सौद्याचे साधन म्हणून स्थानबद्ध ठेवता येणार नाही, असा निवाडा न्यायालयाने बहुमताने दिला. मग सरकारने काय केले? काही लेबनीजांना सोडले, ओबैद व दिरानी यांना ठेवून घेतले आणि २००२ साली ‘बेकायदा लढवय्यां’ना अडकवण्याचा नवा कायदाच संमत करवून घेतला. ते दोघे २००४ साली सुटले ते हिजबुल्लाशी झालेल्या अदलाबदलीतच. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातून उचललेल्या हजारो माणसांना ज्या कायद्याखाली डांबण्यात आले तो हाच २००२ चा कायदा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पॅलेस्टिनींचे मृतदेह वाटाघाटींसाठी राखून ठेवण्याचा लष्कराचा अधिकार मान्य केला, हेही येथेच नोंदवतो.

आणखी एक प्रसंग. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी सहाशेच्या आसपास पॅलेस्टिनी कैदी सुटायचे होते. हमासने ओलिसांना सोडताना जे अपमानास्पद सोहळे मांडले, त्यांचा निषेध म्हणून इस्रायलने ही सुटका रोखून धरली आणि ती पाच दिवसांनी झाली. सोहळे निषेधार्हच होते. परंतु ते कोणी केले? हमासने. बसमध्ये चढवून परत उतरवलेल्या कैद्यांनी नव्हे. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल ज्याचा तुरुंगवास लांबतो, त्याला १९७९ च्या व्याख्येच्या भाषेत काय म्हणायचे हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ह्या अदलाबदलीत निरपराध आणि गुन्हेगार यांना एका तराजूत तोलले गेले, ही तक्रार उलट्या बाजूने सुरू होते. ज्या दिवशी राज्यसंस्थेने खुनाची शिक्षा झालेला माणूस, दगड मारल्याचा संशयित पोरगा आणि आरोपावाचून उचललेला डॉक्टर ह्या तिघांना एकाच ‘सुरक्षा-कैदी’ ह्या नावाखाली एका कोठारात घातले, त्याच दिवशी तराजू तयार झाला. वाटाघाटींच्या मेजावर तो फक्त दिसू लागला.

विरोधकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद मी अद्याप घेतलेला नाही, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, हा तो युक्तिवाद. १९८५ साली तीन सैनिकांसाठी १,१५० कैदी सोडले, त्यांत शेख अहमद यासीन होते. दोन वर्षांत त्यांनी हमासची स्थापना केली. २०११ साली गिलाद शालित ह्या एका सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले, त्यांत याह्या सिनवार होता. बारा वर्षांनी त्याने ७ ऑक्टोबरचा कट रचला. तेव्हा प्रत्येक अदलाबदल पुढच्या अपहरणाचे बियाणे पेरते. घटना खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र तपासावा लागेल. १९८५ चा करार मजूर पक्षाचे शिमॉन पेरेझ पंतप्रधान असताना झाला आणि २०११ चा बेंजामिन नेतान्याहू पंतप्रधान असताना. २०११ मध्ये मंत्रिमंडळात २६ विरुद्ध ३ मतांनी तो संमत झाला. दोन्ही टोकांच्या सरकारांना जे करावे लागले, त्याला केवळ भाबडेपणा म्हणून मोडीत काढता येत नाही. शिवाय एका सिनवारच्या हाती एवढे बळ आले कोठून? २०१८ पासून कतारचा रोख पैसा इस्रायली सरकारच्या संमतीने गाझात जात होता. गाझात हमास आणि वेस्ट बँकमध्ये महमूद अब्बास यांचे प्रशासन अशी फाळणी टिकून राहिली, म्हणजे पॅलेस्टिनी राज्याची मागणी आपोआप लंगडी पडते, हे गणित नेतान्याहूंच्या धोरणामागे असल्याची टीका इस्रायलमध्येच उघडपणे झालेली आहे. कैदी सोडल्यामुळे हमास वाढली, हे सांगताना बंडलांनी गेलेल्या पैशांचा उल्लेख गाळणे हा हिशेब तपासनिसाला शोभणारा प्रकार नव्हे.

आणि पर्याय कोणता होता? लष्करी बळ. दोन वर्षांच्या युद्धात इस्रायली लष्कराने जिवंत सोडवलेल्या ओलिसांची एकूण संख्या आठ आहे. त्यांतील चौघांना ८ जून २०२४ रोजी नुसैरात येथे सोडवताना, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, २७० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. १५ डिसेंबर २०२३ रोजी तीन ओलीस पांढरे फडके घेऊन आपल्याच सैनिकांसमोर आले आणि त्यांच्याच गोळ्यांना बळी पडले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस रफाच्या भुयारात सहा ओलिसांचे मृतदेह सापडले. सैन्य जवळ येताच पहारेकऱ्यांनी त्यांना ठार केले होते. उरलेले जे जिवंत परतले ते जवळजवळ सगळे वाटाघाटींतून. त्या सहा मृतदेहांनंतर इस्रायलमधील लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी हिस्ताद्रुत ह्या कामगार महासंघाने ओलिसांच्या सुटकेचा करार करा, ह्या मागणीसाठी सार्वत्रिक संप पुकारला. कामगार न्यायालयाने हा संप राजकीय असल्याचे सांगून तो त्याच दिवशी थांबवण्याचा आदेश दिला. कामगारांनी माणसांच्या प्राणांसाठी केलेला संप ‘राजकीय’, आणि इतामार बेन-ग्वीर ह्या मंत्र्याने आपल्या पक्षाने वर्षभर वारंवार असा करार होऊ दिला नाही हे जानेवारी २०२५ मध्ये अभिमानाने सांगणे, हे काय म्हणायचे? करार झाला म्हणून हे गृहस्थ मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि मार्चमध्ये बाँबफेक सुरू होताच परत आले. एप्रिल २०२५ मध्ये अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी ओलिसांना परत आणणे हे सर्वांत महत्त्वाचे उद्दिष्ट नाही, असे जाहीरपणे सांगितले. ओलिसांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्या आपल्याकडील इस्रायलभक्तांनी ओलिसांच्या आयाबहिणी ह्या मंत्र्यांविषयी काय बोलत होत्या तेही कधी वाचावे.

ही हिस्ताद्रुत आणि ते किबुट्झ आपल्या चळवळीला परके नाहीत. भारतीय समाजवाद्यांच्या एका पिढीला त्यांचे विलक्षण आकर्षण होते. जयप्रकाशजी १९५८ साली इस्रायलला जाऊन आले. आशियाई समाजवादी परिषदेचे दुसरे अधिवेशन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत भरले, तेव्हा इस्रायलच्या सत्ताधारी मापाई पक्षातर्फे माजी पंतप्रधान मोशे शारेट आले होते. मुंबईत समाजवादी बंधुत्वाची भाषणे चालू असताना इस्रायली सैन्य सायनाय आणि गाझा पट्टी व्यापत होते. सहकारी शेती पाहून भारावलेल्या आपल्या लोकांना ती शेती कोणाच्या जमिनीवर उभी राहिली हे विचारण्याची सवय उशिरा लागली.

आज त्याच शेतांत कोण राबत होते हेही ७ ऑक्टोबरने जगाला दाखवले. पकडलेल्यांत थायलंडचे शेतमजूर होते, तीसहून अधिक थाई मजूर मारले गेले. शेतीचे शिक्षण घेत घेत काम करायला आलेले दहा नेपाळी विद्यार्थी त्याच दिवशी ठार झाले. त्यांचा एक सोबती ओलीस होऊन दोन वर्षांनी मृतदेहाच्या रूपाने परतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये २३ थाई मजूर सुटले ते वेगळ्या वाटाघाटींतून. त्यांच्यामागे कैद्यांचा दर बांधलेला नव्हता. ज्याच्या देशाजवळ तुरुंग भरलेले नाहीत, त्याच्या मजुराला ह्या बाजारात भावच नसतो. आपल्या वृत्तपत्रांतील चर्चांत ह्या गरीब शेतमजुरांना किती ओळी मिळाल्या?

आता आपल्या देशाविषयी, कारण वाचक विचारतील, की कंदाहारचे काय? ३१ डिसेंबर १९९९ रोजी तीन दहशतवाद्यांना विमानात घालून परराष्ट्रमंत्री जसवंतसिंग स्वतः कंदाहारला गेले आणि प्रवाशांना सोडवून आणले. ‘दहशतवाद्यांशी सौदा नाही’ हे ज्यांचे ब्रीद, त्यांच्याच सरकारने ते केले; १९८९ साली रुबैया सईद यांच्यासाठी पाच जणांना सोडणारे सरकार दुसरे होते. शेकडो जिवंत माणसे समोर असताना कोणतेही सरकार ब्रीदावर फार काळ उभे राहत नाही, आणि मला वाटते, राहूही नये. पण मला कंदाहारपेक्षा म्हैसूरची आठवण अधिक महत्त्वाची वाटते. जुलै २००० मध्ये वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केले आणि म्हैसूरच्या तुरुंगात ‘टाडा’खाली असलेल्या कैद्यांच्या सुटकेची मागणी केली. कर्नाटक सरकार तयार झाले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये ते अडवले. दरोडेखोरापुढे राज्याने गुडघे टेकू नयेत, हे न्यायालयाचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ते कैदी होते कोण? १९९३ पासून खितपत पडलेले त्या जंगलपट्टीतले खेडूत. २००१ साली खटल्याचा निकाल लागला तेव्हा त्यांतील बहुसंख्य निर्दोष ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी! सात-आठ वर्षे त्यांच्याविषयी कोणीही बोलले नव्हते. एका लुटारूने त्यांची नावे घेतली म्हणून ती वृत्तपत्रांत आली, आणि आली तीही ‘वीरप्पनची माणसे’ म्हणून.

समाजवाद्यांना तर हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते. ते सापडेनात म्हणून १९७६ साली त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरमध्ये पकडून त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. भावाच्या कृत्यासाठी भाऊ! त्या वेळी मधू लिमये, मृणालताई असे कितीतरी ‘मिसा’खाली आरोपावाचून तुरुंगात होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये, न्या. एच. आर. खन्ना यांचा एकमेव अपवाद वगळता, त्यांना दाद मागण्याचा अधिकार नसल्याचे सांगितले. ‘मिसा’ गेला. आरोप सिद्ध न करता वर्षानुवर्षे डांबण्याची सोय वेगवेगळ्या नावांनी राहिली. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत कोठडीतच वारले, तेव्हा त्यांचा खटला उभाही राहिला नव्हता. ज्या पक्षाचा जन्मच तुरुंगांत झाला, त्याच्या कार्यकर्त्याने ‘कैदी म्हणजे गुन्हेगार’ हे समीकरण न तपासता उच्चारावे, हे मला समजत नाही.

म्हणून पक्षाच्या व्यासपीठावरून पॅलेस्टाईनविषयी ठराव होतील तेव्हा त्यांत दोन मागण्या वेगवेगळ्या वाक्यांत असाव्यात, एकीची अट दुसरीला घालू नये. ओलीस धरणे हा युद्धगुन्हा आहे आणि त्याचा निषेध बिनशर्त आहे, हे एक वाक्य. आरोपावाचून डांबलेल्या प्रत्येक पॅलेस्टिनीवर नागरी न्यायालयात खटला भरावा किंवा त्याला सोडून द्यावे, हे दुसरे. आणि तेही बिनशर्त, कोणाच्या मोबदल्यात नव्हे. ‘ओलीस सोडा, मग कैदी सोडू’ किंवा ‘कैदी सोडा, मग ओलीस सोडू’ ही दोन्ही वाक्ये सौदेकऱ्यांची आहेत. मध्यस्थांनी ती मेजावर जरूर बोलावीत, माणसे वाचत असतील तर माझा त्यांना पाठिंबाच आहे. आपण मध्यस्थ नाही.

ह्या दुसऱ्या वाक्याची निकड १३ ऑक्टोबर २०२५ नंतर कमी झालेली नाही, वाढली आहे. त्या दिवशी शेवटचा हयात ओलीस घरी गेला, आणि ते योग्यच झाले. तोवर युद्धात मारल्या गेलेल्या पॅलेस्टिनींची नोंदलेली संख्या ६७ हजारांच्या पुढे गेली होती. मात्र त्या दिवसानंतर इस्रायली तुरुंगांत जे उरले, त्यांच्यासाठी कोणाच्या हाती मोबदला उरला नाही. २०२५ च्या अखेरीस प्रशासकीय स्थानबद्धच तीन हजारांहून अधिक होते. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या इस्रायली डॉक्टरांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ऑक्टोबर २०२३ पासून कोठडीत मरण पावलेल्या पॅलेस्टिनींची संख्या नव्वदहून अधिक दिली. त्याच महिन्यात इस्रायली संसदेने अशा कैद्यांना फाशीची शिक्षा देणारे विधेयक पहिल्या वाचनात संमत केले. त्याच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद अगदी सरळ होता : फासावर गेलेल्या कैद्याची पुढे कोणी अदलाबदल मागू शकत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याकडे स्तंभांमागून स्तंभ भरून ‘एकास तीस’चा हिशेब मांडणाऱ्यांपैकी कोणी ह्या विधेयकावर अद्याप काही लिहिलेले माझ्या तरी वाचनात आलेले नाही.